गोत्र म्हणजे वाय गुणसूत्र नव्हे

लग्नसराई जवळ आली की नातेवाइकांच्या आणि ज्ञातिबांधवांच्या व्हॉट्सॲप गटांवर गोत्रामागचे 'विज्ञान' उलगडून सांगणारा एक लांबलचक मजकूर हमखास फिरू लागतो. तपशील थोडे इकडेतिकडे होतात, गाभा मात्र तोच राहतो. पुरुषाकडे एक्स आणि वाय अशी गुणसूत्रे असतात, स्त्रीकडे दोन्ही एक्स. वाय फक्त बापाकडून मुलाकडे जाते आणि त्याचा ९५ टक्के भाग कधीच बदलत नाही. म्हणून गोत्र म्हणजे मूळ ऋषीपासून अखंड चालत आलेले वाय गुणसूत्र. सगोत्र वधूवर हे त्यामुळे भाऊबहीण ठरतात आणि त्यांची संतती सदोष निपजते. मुलात बापाचा अंश ९५ टक्के आणि आईचा अवघा ५ टक्के असतो. मुलीच्या बाजूने मात्र तो अंश दर पिढीला निम्मा होत सातव्या पिढीत एक टक्क्यावर येतो, आणि 'सात जन्मांची साथ' ती हीच. हे सारे ऋषींना ठाऊक होते, असे शेवटी ठासून सांगितलेले असते. गोत्र पाळावे की पाळू नये हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे आणि त्यात येथे शिरायचे नाही. विज्ञानाच्या नावावर जे खपवले जात आहे ते तपासण्यापुरताच हा प्रतिवाद आहे.

मजकुरातली सुरुवातीची विधाने खरी आहेत, आणि पुढचे सगळे त्यांच्याच भरवशावर खपते. वाय गुणसूत्र आडनावासारखे बापाकडून मुलाकडे जाते, हे बरोबर आहे. वीर्यपेशी तयार होताना इतर गुणसूत्रांच्या जोड्या आपापसात तुकड्यांची अदलाबदल करतात, तशी वाय फक्त आपल्या दोन टोकांपाशी एक्सबरोबर करते आणि उरलेला सुमारे ९५ टक्के भाग त्या अदलाबदलीतून सुटतो, हेही बरोबर आहे. पण अदलाबदल होत नाही याचा अर्थ बदलच होत नाही असा नव्हे. नक्कल होताना अधूनमधून चुका होतात, त्या पुढच्या पिढ्यांत जशाच्या तशा उतरतात आणि त्याच चुका वाचून संशोधक पुरुषवंशांच्या शाखा ठरवतात. वाय खरोखरच अचल असते, तर जगातल्या कोणत्याही दोन पुरुषवंशांत फरक ओळखताच आला नसता.

गफलत पुढच्या पायरीवर आहे. 'वाय गुणसूत्राचा ९५ टक्के भाग' या आकड्याचे पाहता पाहता 'मुलाचा ९५ टक्के भाग' असे रूपांतर होते. मानवी जनुकसंचाच्या एका प्रतीत डीएनएची सुमारे ३१० कोटी अक्षरे, म्हणजे रासायनिक घटक, आहेत. वाय गुणसूत्रात त्यांतली सुमारे सहा कोटी, म्हणजे जेमतेम दोन टक्के. प्रथिने घडवणारी जनुके एकूण वीस हजारांच्या घरात, वायवरची शंभराच्या आसपास, आणि त्यांतही एकाच जनुकाच्या अनेक प्रती आणि वीर्यनिर्मितीशी निगडित जनुके यांचाच भरणा अधिक. उरलेल्या २२ जोड्यांत प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईचे आणि एक वडिलांचे असते, मग अपत्य मुलगा असो वा मुलगी. उंची, त्वचेचा रंग, रक्तगट यांची सूत्रे मुख्यतः याच जोड्यांत आहेत. शिवाय मुलाला आईकडून जे एक्स मिळते, ते वायच्या अडीचपट लांब असून त्यावर आठशेहून अधिक जनुके आहेत. आणि पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांतली स्वतंत्र ३७ जनुकेही आईकडूनच येतात. अक्षरे मोजायचीच ठरवली, तर मुलाच्या डीएनएत आईचा वाटा सुमारे ५१ टक्के आणि बापाचा ४९ टक्के भरतो. मजकुराने ज्याला पाच टक्क्यांवर बसवले आहे, त्याचेच पारडे किंचित जड आहे.

हे कागदावरचे गणित नाही. हिमोफिलियाचे एखादे घराणे पाहिले तरी ते दिसते. रक्त गोठण्यास आवश्यक असलेल्या घटकाचे जनुक या आजारात एक्स गुणसूत्रावर बिघडलेले असते. आजार असलेल्या पुरुषाच्या मुलाला त्याचे वाय मिळते, एक्स मिळत नाही. म्हणून मुलगा या दोषातून सुटतो आणि मुलाच्या मुलाकडे तो आजोबांकडून येण्याची वाटच उरत नाही. मुलीला मात्र बापाचे ते एकमेव एक्स मिळतेच. तिच्याकडे आईचे दुसरे, निर्दोष एक्स असल्याने बहुधा तिला स्वतःला गंभीर त्रास होत नाही, पण ती वाहक होते आणि तिच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता निम्मी राहते. लाल-हिरव्या रंगांतला फरक न कळण्याचा दोषही सामान्यतः असाच उतरतो. म्हणजे आजोबांचे वैशिष्ट्य नातवात उतरले, ते मुलीच्या पोटी. ज्या धाग्याला हा मजकूर तुटलेला समजतो, नेमक्या त्याच धाग्याने.

निम्मे-निम्मे होत जाण्याचा हिशेबही अर्धाच सांगितलेला आहे. सात वेळा निम्मे केले की १२८वा भाग, म्हणजे ०.७८ टक्के उरतो, इथवर गणित ठीक आहे. मात्र ते मुलीच्या वंशाला जसे लागू आहे तसेच मुलाच्या वंशालाही आहे. मुलाच्या मुलात आजोबांचा अंश सरासरी पाव असतो, पणतूत आठवा हिस्सा; अपवाद त्या दोन टक्के वायचा. दहा पिढ्या मागे गेल्यास एका माणसाला १०२४ पूर्वज असतात आणि डीएनए मोठमोठ्या तुकड्यांनीच पुढे सरकत असल्याने त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा एकही तुकडा आज त्याच्यात शिल्लक नसतो. अखंड धागा हीच कसोटी मानायची, तर आई, तिची आई, तिचीही आई असा तंतुकणिकांचा धागाही वायइतकाच अखंड आहे, पण त्यावरून कोणी गोत्र मोजत नाही.

आता सगोत्र विवाहाच्या मुद्द्याकडे वळू. मजकुराचे सारे वजन याच्यावर आहे आणि त्याचा युक्तिवाद इथे स्वतःलाच खोडून काढतो. गोत्र म्हणजे वाय असेल, तर वधूला गोत्रच नाही, कारण तिच्याकडे वाय नाही. वराचे वाय मुलग्याकडे एकुलते एक जाते, मुलीकडे जातच नाही. त्याची जोडी जमून अपाय व्हावा, तर जोडीला दुसरे वाय येणार कोठून?

नात्यातल्या लग्नाचा धोका खरा आहे, परंतु त्याची यंत्रणा निराळी आहे. आपल्या प्रत्येकाकडे काही बिघडलेली जनुके असतात. त्यांतली बरीच अप्रभावी असतात, म्हणजे जोडीतली दुसरी प्रत चांगली असेपर्यंत ती गप्प राहतात. आई आणि बाप अशा दोघांकडूनही तीच बिघडलेली प्रत आली तरच आजार उमटतो. जवळच्या नात्यात दोघांकडे एकाच पूर्वजाची एकच बिघडलेली प्रत असण्याचा संभव वाढतो. उदाहरणादाखल एक आजोबा घेऊ, ज्यांच्याकडे अशी एक प्रत आहे. ती त्यांच्या मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी आणि तिच्या मुलाकडे पोहोचण्याची पाव. त्यांच्या मुलामार्फत त्याच्या मुलीकडे पोहोचण्याचीही पावच. या नातवाचे आणि नातीचे लग्न झाले, तर दोघेही वाहक असण्याची शक्यता १६ मध्ये एक आणि होणारे अपत्य आजारी असण्याची ६४ मध्ये एक. हाच समाईक पूर्वज दोघांपासून दहा पिढ्या मागे असता, तर शक्यता सुमारे ४२ लाखांत एक इतकी खाली येते. गोत्राचे ऋषी तर दहा पिढ्यांच्या कितीतरी मागे आहेत.

वरच्या उदाहरणातले वधूवर कोण होते? मामाची मुलगी आणि आत्याचा मुलगा. महाराष्ट्रातल्या आणि दक्षिणेतल्या अनेक समाजांत हे लग्न पूर्वापार होत आले आहे. बौधायनाच्या धर्मसूत्रातही दक्षिणेकडची चाल म्हणून त्याचा उल्लेख येतो. मामाचे गोत्र वेगळे असल्यामुळे गोत्राच्या चाळणीतून ही जोडी बिनबोभाट पार पडते, आणि आठशे मैलांवरचा, सात पिढ्यांत संबंध न आलेला सगोत्र मुलगा मात्र बाद होतो. डीएनएच्या दृष्टीने पहिल्या जोडीचा आठवा हिस्सा समाईक आहे, दुसरीचा मोजण्याजोगाही नाही. (म्हणून मामेबहिणीशी लग्न केलेल्यांनी धसका घेण्याचेही कारण नाही, चुलत-मामे भावंडांच्या लग्नात जन्मजात दोषांचा धोका सर्वसाधारण धोक्यापेक्षा दोनतीन टक्क्यांनीच वाढतो आणि बहुतांश मुले निरोगी जन्मतात.) धर्मशास्त्राच्या बाबतीतही मजकूर अन्यायच करतो. जवळच्या नात्याचा विचार तिथे 'सपिंड' या स्वतंत्र नियमाखाली केलेला आहे आणि त्यात आईकडच्या पाच व बापाकडच्या सात पिढ्या मोजल्या आहेत. हिंदू विवाह कायद्याने १९५५ साली तोच नियम आईकडे तीन आणि बापाकडे पाच पिढ्या असा आखडता घेऊन ठेवला, रूढीला सवड दिली. सगोत्र विवाहावरची बंदी तर त्याआधीच, १९४६ च्या कायद्याने उठली होती. आईची बाजू मोजणारा नियम बाजूला सारून केवळ बापाची बाजू मोजणाऱ्या नियमाला 'विज्ञान' ठरवणे हे परंपरेलाही धरून नाही.

गोत्र हा जैविक पुरुषवंश आहे, हे गृहीतही परंपरेच्याच कसोटीवर उतरत नाही. दत्तकविधान झाले की मुलाचे गोत्र बदलते, त्याच्या पेशीतले वाय बदलत नाही. लग्नानंतर स्त्री पतीच्या गोत्रात जाते, तिला वाय मिळत नाही. क्षत्रिय आणि वैश्यांनी पुरोहिताचे गोत्र आणि प्रवर (गोत्रातल्या प्रमुख ऋषींची नावे) सांगावेत, असे 'मिताक्षरा' या याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेचा कर्ता विज्ञानेश्वर याने लिहून ठेवले आहे. म्हणजे यजमानाच्या घराण्याचे गोत्र उपाध्यायावरून ठरले. ज्याला आपले गोत्र ठाऊक नाही त्याने काश्यप सांगावे, ही सोय आजही संकल्प सोडताना वापरली जाते. आणि महाभारत सर्वांना माहीत आहे: धृतराष्ट्र आणि पांडू हे विचित्रवीर्याचे पुत्र म्हणून कुरुवंशात गणले गेले, बीज व्यासांचे होते. परंपरेने वंशाला विधी, संस्कार आणि समाजमान्यता यांचा आधार दिला होता. तिच्या तोंडी रक्तपेशींचा हिशेब घालणारे आजचे आहेत.

ऋषींना हे सारे ठाऊक होते, या दाव्यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. वाय गुणसूत्र आणि नरत्व यांचा संबंध १९०५ साली नेटी स्टीव्हन्स यांनी एका भुंग्याच्या पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, माणसाची गुणसूत्रे ४८ नसून ४६ आहेत हे नक्की व्हायला १९५६ उजाडावे लागले, आणि वायवरचे नरत्व ठरवणारे जनुक १९९० मध्ये सापडले. पुत्र हाच वंश, ही कल्पना जगातल्या अनेक पितृसत्ताक समाजांत आहे. तिला गुणसूत्रांच्या ज्ञानाची गरज कधी पडली नाही.

या मजकुराने होणारे खरे नुकसान वेगळेच आहे. 'गोत्र वेगळे, म्हणजे रक्त वेगळे' अशी खात्री बाळगून मंडळी निर्धास्त होतात. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गोंड समाजात सारख्याच संख्येचे देव पुजणाऱ्या कुळांत, म्हणजे सहा देवांच्या घरात सहा देवांची मुलगी, सोयरीक होत नाही. गोत्रासारखाच हा कडक नियम आहे. तरीही सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आजार त्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे, कारण त्याचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर बसते आणि ते कुळ विचारत नाही. शहरी जातींचेही निराळे नाही. गोत्र बदलले तरी जात तीच ठेवायची, असे शेकडो वर्षे चालल्याने अनेक जाती जनुकीयदृष्ट्या मूठभर पूर्वजांपुरत्या मर्यादित झाल्या आहेत. २०१७ मध्ये हैदराबाद आणि हार्वर्ड येथील संशोधकांनी दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८१ समूहांत ही मर्यादा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र आढळली. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात भूल देताना वापरले जाणारे स्नायू शिथिल करणारे एक औषध काही जणांच्या शरीरातून लवकर उतरत नाही, हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. आणि त्या समाजातही गोत्रे काटेकोरपणे पाळली जातात.

लग्न ठरवताना अनुवंशिकतेची काळजी करायचीच असेल, तर त्यासाठी साधी रक्ततपासणी आहे. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीत सिकलसेलचे वाहक कळतात, आणि एचबीए२ या हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या वर गेले की बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकाची शंका घेऊन पुढचा तपास करता येतो. वधूवरांपैकी एकच जण वाहक असेल, तर त्यांच्या मुलांना तो आजार होत नाही, फार तर तीही वाहक होतात. दोघेही एकाच आजाराचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात चारांत एक ही शक्यता नव्याने उभी राहते, मग त्यांची गोत्रे कोणतीही असोत. गर्भधारणेपूर्वी समुपदेशन आणि गर्भारपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भाची तपासणी हे दोन मार्ग त्यांच्यासाठी उपलब्ध आहेत.