मागच्यालाही दम लागतो!

दर रविवारी तेच! इंग्लंडमधल्या ईडेल गावाहून किंडर स्काउटच्या डोंगरावर पळायला निघायचं, 'सगळे एकत्र राहू' असं ठरवायचं, आणि जेकब्ज लॅडरचा चढ लागला की पुढचे चौघे पसार. वरचं पठार ६०० मीटरच्या पुढे. तिथल्या पीटच्या, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या, काळ्या चिखलात माझा पाय घोट्यापर्यंत रुततो. बूट उपसून काढेपर्यंत ही मंडळी दिसेनाशी! किंडर डाउनफॉल धबधब्यापाशी बसतात, खजूर खातात, आणि मी पोचले रे पोचले की, 'चला!' अरे, दहा मिनिटं बसलात ना तुम्ही? मला घोटभर पाणी तरी पिऊ द्या! धुकं उतरलं की तिथे चार पावलांवरची वाट दिसत नाही. मागे राहिलेली चुकली तर शोधणार कोण?