रांगेतला मधुचंद्र

गेल्या गुरुवारी रेल्वेच्या आरक्षण खिडकीसमोर उभ्या असलेल्या अनोळखी माणसांनी माझ्या मधुचंद्राची तारीख, ठिकाण, खर्च आणि औचित्य यांवर सविस्तर चर्चा केली आणि तो बहुमताने नामंजूर केला. मतदानात मला धरलेले नव्हते. राग अजून गेलेला नाही, त्यामुळे या लेखात कुठे माझा तोल सुटल्यासारखा वाटला, तर तो सुटलेलाच आहे असे समजावे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. लग्न मे महिन्यात झाले, दोघांना एकत्र रजा जुलैत मिळाली, आणि कार्य पार पडल्यावर बँकेत जे उरले त्याला शिल्लक म्हणायला मन फार मोठे असावे लागते. म्हणून आम्ही कोकण किनाऱ्याचा बेत आखला: रात्रीच्या गाडीने रत्नागिरी, तिथून एसटीने गणपतीपुळे, जयगडला फेरीबोटीत बसून खाडीपलीकडे तवसाळ, पुढे गुहागर, मग धोपाव्याहून दुसऱ्या फेरीबोटीने दाभोळ, तिथून दापोली, मुरूड, हर्णै आणि खेडहून परत. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या खोल्यांचे भाडे मे महिन्याच्या निम्म्यावर येते, गर्दी नसते, हवा गार असते, आणि एसटीत 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. ही शेवटची बाब नवऱ्याने खर्चाच्या तक्त्यात हिरव्या रंगाने ठळक केलेली आहे, आणि हा माणूस आपल्याकडे प्रेमाने पाहतो आहे की पन्नास टक्के सवलत म्हणून पाहतो आहे, हे मला हल्ली नक्की सांगता येत नाही.

ऑनलाइन तिकिटावरचे सुविधा शुल्क वाचवायचे म्हणून मी खिडकीवर गेले. तिथे संगणक बंद पडला होता आणि आतला कर्मचारी चहाला गेला होता. म्हणजे बाहेरच्या माणसांना एकमेकांकडे पाहण्याखेरीज दुसरे काम उरले नव्हते.

माझ्या मागे सत्तरी कधीच ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, काखेत लांब दांड्याची काळी छत्री, आणि हातात दुधाच्या पिशव्यांसारखी जाड प्लास्टिकची पिशवी, जिच्यात त्यांचे सगळे कागदोपत्री अस्तित्व गुंडाळून ठेवलेले होते. त्यांनी प्रथम माझे पेन मागितले. मी दिले. त्यांनी आपला अर्ज भरला, पेन आपल्या खिशाला लावले, आणि रिकामे झालेले डोळे माझ्या अर्जाकडे वळवले. आरक्षणाच्या अर्जात नाव, लिंग, वय, बर्थची पसंती इथपासून तुम्ही डॉक्टर आहात का इथपर्यंत सर्व काही लिहिलेले असल्यामुळे वाचनासाठी तो अत्यंत समृद्ध मजकूर आहे.

"आडनावं वेगळी आहेत," ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता, नोंद होती.

"हो काका."

"मामेभाऊ का?"

"नवरा आहे."

"असेल. माझं काही म्हणणं नाही. पण तिकडे खोलीवाले आधार कार्ड बघतात हो. लग्नाचा दाखला बरोबर ठेव, नाहीतर जावईबापूंना व्हरांड्यात झोपवतील."

दाखला मी आधीच पिशवीत टाकलेला होता, हे त्यांना सांगण्याचे मी टाळले. एका मुक्कामाच्या मालकाने फोनवर तो मागितला होता. माझे आडनाव माझेच राहिले, एवढ्या कारणावरून मला कायदेशीर विवाहाचा पुरावा घेऊन समुद्रकिनारी हिंडावे लागणार आहे आणि नवऱ्याला कुणीही काहीही विचारणार नाही, याबद्दल मला पुष्कळ बोलायचे आहे. परंतु काकांनी तोवर पुढची ओळ वाचली होती.

"रत्नागिरी? जुलैत?" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "कुणी गेलं का तिकडे?"

"नाही हो. फिरायला चाललोय."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मग हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे पाहिले, मग पुन्हा अर्जावरच्या दोन वयांकडे पाहिले. हिशेब जुळल्याचे त्यांच्या भुवयांवरून कळले.

"म्हणजे... ते?"

"हो. ते."

"अहो, ऐकलंत का," काका मागे वळून रांगेला म्हणाले, "ही मुलगी हनिमूनला रत्नागिरीला चालली आहे!"

त्यानंतर जे झाले ते सभाशास्त्राच्या सर्व नियमांना धरून झाले. अध्यक्षस्थान काकांकडे आपोआप आले. "थिबा राजा ठाऊक आहे तुला?" त्यांनी मला विचारले. मी म्हटले, ठाऊक आहे, थिबा पॅलेस आमच्या यादीत आहे. "यादीत ठेव. पण तो तिथे कसा आला? ब्रह्मदेशचा राजा. इंग्रजांनी राज्य घेतलं आणि 1886 साली त्याला रत्नागिरीत आणून ठेवला. राणीसकट. 1916 साली तिथेच वारला. तीस वर्षं! शिक्षा म्हणून! सावरकरांना कुठे ठेवलं? तुरुंगातून सुटल्यावर 1924 पासून 1937 पर्यंत? रत्नागिरीतच! सरकार ज्याला ज्याला धडा शिकवायचा त्याला रत्नागिरीला पाठवायचं, आणि तुम्ही स्वतःच्या पैशाने चाललात?"

रांगेत हशा पिकला. मीही थोडी हसले, हे कबूल केलेच पाहिजे, कारण माणूस आपल्या जिल्ह्याची बदनामी इतक्या अभिमानाने करताना मी प्रथमच पाहत होते. काका मूळचे गुहागरकडचे होते, आणि कोकणातल्या माणसाला आपल्या गावाला नावे ठेवण्याचा जो वंशपरंपरागत अधिकार असतो तो ते पूर्ण वापरत होते. दुसऱ्या कुणी तेच म्हटले असते तर छत्री उगारली गेली असती, याची मला खात्री आहे.

"बरं, हर्णैला काय बघणार?" उलटतपासणी पुढे सुरू झाली.

"बंदर. मासळीचा लिलाव. सुवर्णदुर्ग."

"1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बोटी ओढून वर ठेवलेल्या. लिलाव कसला करणार, ताडपत्रीचा? आणि सुवर्णदुर्गाला होडी कोण घालणार पावसात? लांबून बघायचा. तोही पाऊस थांबला तर दिसणार. जेवायला काय मिळेल माहीत आहे का? सुकट!"

"मला सुकट आवडते."

यावर काकांकडे उत्तर नव्हते, म्हणून त्यांनी ऐकू न आल्यासारखे केले.

इथे माझी एक प्रामाणिक अडचण आहे, जी त्या रांगेत कुणालाच पटली नाही आणि नातेवाइकांनाही पटलेली नाही. मला खरोखरच पावसातले कोकण पाहायचे आहे. जुलैतला गढूळ, तांबूस, खवळलेला समुद्र मला त्या जाहिरातीतल्या निळ्या समुद्रापेक्षा बरा वाटतो. खाचरांत लावणी चाललेली असते, गडग्यांवर शेवाळ चढलेले असते, सकाळी चुलीच्या धुरात गरम घावणे मिळतात, आणि ओले कपडे चार दिवस वाळत नाहीत हेही मला माहीत आहे. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग जून-जुलैतच उरकतो, हे वाचूनच बेत आखलेला आहे. पण स्वस्तात मिळणारी गोष्ट माणसाला मनापासून आवडू शकते, यावर आपल्याकडे कुणाचाही विश्वास नाही. लग्नात पोटभर जिलेब्या खाऊन गेलेल्या मावशी "मग फिरायला कुठे?" असे विचारतात आणि "गुहागर" हे उत्तर ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा होतो, की आता या आपल्याला पाकीट देऊन धीर देणार असे वाटावे. पाकीट मात्र कुणी देत नाही. दोघांच्या या प्रवासाला जेवढा खर्च येणार आहे, त्याहून अधिक पैसे आम्ही लग्नाआधीच्या फोटोंवर घातले. त्या फोटोंत आम्ही भाड्याच्या झग्यात आणि भाड्याच्या कोटात समुद्रकिनाऱ्यावर एकमेकांकडे पाहत उभे आहोत. म्हणजे मधुचंद्राच्या अभिनयाला पैसे होते, मधुचंद्राला नाहीत. हॉल, मानपान, अल्बम, आणि ज्यांची नावे मला आजही सांगता येणार नाहीत अशा माणसांचे आहेर, या सगळ्यात काटकसर करू असे मी सुचवले तेव्हा "लग्न एकदाच होतं" असे ऐकवण्यात आले. मधुचंद्र काय दरवर्षी होतो?

असो. रांगेत तोवर विषय धर्मशास्त्राकडे गेला होता. पुढच्या बाई वळून म्हणाल्या, "अगं बाई, पण आषाढात? पहिला आखाड ना तुझा? पहिल्या आखाडात नव्या नवरीने माहेरी जायचं असतं. नवऱ्याचं तोंडसुद्धा बघायचं नाही." कानात इयरफोन घातलेल्या एका मुलाने, ज्याला काहीच ऐकू येत नसावे अशी माझी समजूत होती, गोव्याची शिफारस केली, त्यावर गोव्यातही पावसात पाण्यातले खेळ बंद असतात, अशी दुरुस्ती मागून आली. कुणीतरी मनाली म्हणाले. मनालीला दरडी कोसळतात, असे दुसऱ्याने सांगितले. दरडींचा उल्लेख होताच कोकण रेल्वेवर चर्चा होणे अपरिहार्य होते. काकांनी सभागृहाला माहिती दिली, की पावसाळ्यात तिथे गाड्यांचे वेळापत्रकच वेगळे असते आणि जोराचा पाऊस लागला, समोरचे दिसेनासे झाले, की वेग ताशी 40 किलोमीटरवर आणतात. "रत्नागिरी येईपर्यंत लग्न जुनं होईल," असे ते म्हणाले.

मी वैतागून विचारले, की मग आपण स्वतः या गाडीच्या रांगेत कशाला उभे आहात? वयाची पंच्याहत्तरी झालेल्यांना तर एसटी फुकट आहे.

"फुकटच आहे," काका एकदम गंभीर झाले. "पण त्या महामार्गावर माझे मणके फुकट जातात, त्याचं काय?"

यावर कुणी हसले नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झाले, आणि तेव्हा शाळेत जाणारी माझ्यासारखी मुलगी शिकून, नोकरीला लागून, लग्न करून आता त्याच रस्त्याच्या भीतीने रेल्वेच्या रांगेत उभी आहे. रांगेतल्या प्रत्येकाकडे आपापला खड्डा होता. कुणाचा माणगावला, कुणाचा लांज्याला. काकांनी रेल्वेतली ज्येष्ठांची सवलतही काढली, जी मार्च 2020 मध्ये करोनाच्या वेळी गेली ती परत आलीच नाही. "पुरुषांना चाळीस टक्के होती," ते म्हणाले, आणि एसटीत अर्धे तिकीट असलेल्या माझ्याकडे त्यांनी पाहिले त्या नजरेत विनोद नव्हता. थोडा वेळ माझा मधुचंद्र सगळेजण विसरले होते, आणि मला ते आवडले.

मग कर्मचारी परतला, संगणक जागा झाला आणि माझा क्रमांक आला. "स्लीपरला आरएसी आहे," तो काचेआडून भोंग्यात म्हणाला. "देऊ का?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, की आरएसी म्हणजे बाजूच्या खालच्या बाकावर दोन प्रवाशांनी समोरासमोर बसून जायचे. झोपायला पूर्ण बर्थ मिळाला तर नशीब. मी विचार करत होते. काकांना विचार करावा लागला नाही.

"घे, घे! एकाच बाकावर दोघं रात्रभर. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

या वेळी काचेआडचा कर्मचारीसुद्धा हसला. मी पैसे दिले, तिकीट घेतले आणि शक्य तितक्या ताठ मानेने बाहेर पडले. काका आपले तिकीट काढून मागोमाग आले. ते माफी मागायला आले असावेत, असे मला क्षणभर वाटले.

"हे बघ," ते म्हणाले, "गुहागरला खोलीला पैसे घालवू नका. शृंगारतळीपासून थोडं आत आमचं घर आहे. वहिनी एकट्याच असतात. एक पैसा घेणार नाहीत."

माझा सगळा राग विरघळू लागला. इतकी कोकणी माया समोर असताना आपण मनातल्या मनात या माणसाला काय काय बोललो, या विचाराने मी ओशाळणार होते, इतक्यात ते पुढे म्हणाले, "फक्त वहिनी जुन्या वळणाच्या. तू त्यांच्याजवळ माजघरात झोप, जावईबापूंचं पडवीत घालू. आणि जाताना त्यांच्या गोळ्या आणि इन्व्हर्टरचं पाणी तेवढं न्या. पाच लिटरचाच कॅन आहे."

मी काही बोलण्याआधी त्यांनी विचारले, "जावईबापूंची उंची किती?"

"पाच फूट अकरा. का?"

"छान. स्वयंपाकघरावरची दोन कौलं सरकली आहेत, पाणी गळतं. गडी मिळत नाही या दिवसांत, सगळे लावणीला."

अर्जाच्या पाठीवर त्यांनी माझ्याच पेनाने पत्ता लिहून दिला आणि पेन पुन्हा स्वतःच्या खिशाला लावून ते निघून गेले.

घरी आल्यावर मी नवऱ्याला हे सगळे पहिल्यापासून सांगितले: आडनाव, थिबा राजा, आखाड, आरएसी, माजघर, पडवी, कॅन आणि कौले. सांगताना माझा आवाज चढला होता. त्याने एकदाही मध्ये न बोलता ऐकून घेतले, पत्त्याचा कागद नीट उलगडून वाचला, लॅपटॉपवर खर्चाचा तक्ता उघडला आणि गुहागरच्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, "जेवण धरून का?"