डिकॅफ मागणाऱ्या गिऱ्हाइकाची वासलात कशी लावावी

कॅफे काढलाय म्हणे. उत्तम. बाणेरला काढा, कोरेगाव पार्कात काढा, नाहीतर ठाण्याला घोडबंदर रोडवर. विटा उघड्या ठेवा, छतातून पिवळे दिवे सोडा, एका भिंतीवर खोटी वेल चढवा. कर्ज काढून का होईना, दोन ग्रुपचं इटालियन मशीन आणा. हे सगळं जमतं. गाडी अडते ती एका जमातीपाशी. ही माणसं बहुधा संध्याकाळी पाचनंतर उगवतात, काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत थांबतात आणि गुन्हा कबूल करावा तशा आवाजात विचारतात, "डिकॅफ आहे का?" डिकॅफ म्हणजे झोप उडवणारं कॅफिन जवळपास सगळं काढून घेतलेली कॉफी.

परवा पुण्यातल्या एका कॅफेनं या जमातीचा निकाल फार सफाईनं लावला: डिकॅफचे जादा पैसे घेतले आणि पाजली नेहमीचीच कॉफी. ती सफाई सगळ्यांच्याच अंगी यावी म्हणून हे चार शब्द.

सुरुवात ऐकू न येण्यापासून करावी. गिऱ्हाईक "डिकॅफ" म्हणालं की आपण विचारावं, "हॉट में या कोल्ड में?" ते पुन्हा "डिकॅफ" म्हणेल. मग मागे वळून दुसऱ्या पोराला हाक मारावी, त्यानं तिसऱ्याला, आणि तिसऱ्यानं आत स्टोअरमध्ये जाऊन पाच मिनिटं मोबाइल बघून यावं. मग जाहीर करावं, "मॅम, आज नहीं है." यातला 'आज' गाळू नका. काल होतं, उद्या येईल, तुमचंच नशीब खोटं, एवढं सगळं त्यात येतं. हे 'आज' वर्षभर टिकतं.

लगेच पर्याय सुचवावा. पहिला मान कोल्ड ब्रूचा: "बहुत स्मूद है, बिलकुल लाइट." जाडसर दळलेली पूड थंड पाण्यात बारा ते अठरा तास भिजत ठेवतात, आम्लपणा कमी उतरतो, त्यामुळे जिभेला मऊ लागतं. कॅफिन मात्र मनसोक्त उतरतं, मोठ्या ग्लासात सहज दीडशे-दोनशे मिलिग्रॅम. रात्री झोप लागावी एवढ्याचसाठी डिकॅफ मागणाऱ्या माणसाला हा ग्लास द्यावा आणि वर स्ट्रॉ खोचावा.

ते नको म्हणालं तर ग्रीन टी. त्यातही कॅफिन असतं हे तुम्हालाच ठाऊक नाही, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप लागत नाही.

यानंतर येतो दूधशास्त्राचा भाग. "मिल्क ज़्यादा डाल देंगे, स्ट्राँग नहीं लगेगा." लागणार नाहीच. पण पोर्टाफिल्टरच्या, म्हणजे मशीनला अडकवायच्या दांडीवाल्या गाळणीच्या, बास्केटमध्ये 18 ग्रॅम पूड दाबली, पंचवीस-तीस सेकंदांत 36 ग्रॅम शॉट, म्हणजे घट्ट कॉफीचा अर्क, काढला, की कॅफिनचा हिशोब तिथेच मिटला. साधारण सव्वाशे मिलिग्रॅम कपात पडलं. त्यावर शंभर मिली दूध ओता, अडीचशे ओता नाहीतर गोकुळची अख्खी पिशवी रिकामी करा, सव्वाशे ते सव्वाशेच. चव पातळ होते, मात्रा होत नाही. हे चौथीतल्या पोराला कळतं. तरी निःशंकपणे सांगत राहावं, कारण समोरचा वाद घालायला आलेला नसतो, कॉफी प्यायला आलेला असतो.

कुणी फारच जाणकार निघालं तर छाती काढून सांगावं, "आमची हंड्रेड परसेंट अरेबिका आहे." अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जाती; अरेबिकात कॅफिन वजनाच्या साधारण 1.2 टक्के आणि रोबस्टात 2.2 च्या आसपास असतं. म्हणजे अरेबिकात रोबस्टाच्या जवळपास निम्मं असतं, आणि निम्मं म्हणजे शून्य, हे तुमचं गणित. आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे 70 टक्के रोबस्टा असते आणि तुमच्या 'हाउस ब्लेंड'मध्ये क्रेमा, म्हणजे शॉटवरचा फेस, दाट यावा म्हणून ती घातलेली असते, ही माहिती पोत्यावरच राहू द्यावी.

फिल्टर कॉफीवाल्यांसाठी वेगळी ओळ: "चिकोरी घातलीय, काही होत नाही." चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ, त्यात कॅफिन नसतं हे खरं. पण आपल्याकडच्या नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी असावीच लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. पाकीट गिऱ्हाइकाच्या हाती लागणार नाही, एवढं बघा.

आणि शेवटी ब्रह्मास्त्र: "डिकॅफ म्हणजे सगळं केमिकल असतं मॅम, आम्ही नॅचरल ठेवतो." हे वाक्य हेझलनट सिरपच्या पंपावर हात ठेवून म्हणावं. 1906 मध्ये ब्रेमेनला लुडविग रोझेलियसनं डिकॅफचा धंदा सुरू केला तेव्हा बेन्झीन वापरत, हे खरं आहे. ते कधीच बंद झालं. आज काही ठिकाणी हिरव्या बिया नुसत्या पाण्यात भिजवून कॅफिन कार्बनच्या फिल्टरमध्ये अडकवतात, काही ठिकाणी प्रचंड दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरतात. कोलंबियात कॅफिन विरघळवून काढायला उसापासून केलेलं इथाइल ॲसिटेट वापरतात. त्याच कामाला मिथिलीन क्लोराइड हे रसायन अजूनही वापरतात, पण ते 40 अंशांच्या आसपास उडून जातं आणि बी भाजली जाते 200 अंशांच्या वर. शिवाय अमेरिकेत भाजलेल्या बियांत ते दहा लाखांत दहा भागांपेक्षा जास्त चालत नाही. यातलं काहीही वाचू नका. 'केमिकल' म्हटलं की पुणेकर घाबरतो, तेवढं पुरे.

(एक खरी सूचना, उपरोध बाजूला ठेवून: पित्तवाल्यांनी डिकॅफवर फार भिस्त ठेवू नये. कॅफिन गेलं तरी कॉफीतली आम्लं राहतातच, आणि छातीत जळजळ होऊ शकते. झोप, धडधड, रक्तदाब यांच्यासाठी डिकॅफचा उपयोग आहे.)

मेन्यूकार्डावर मात्र कंजुषी नको. ओट, बदाम, सोया, नारळ असं चार तऱ्हांचं दूध असू द्या, प्रत्येकी साठ रुपये वर. कोळशाची काळी लाते असू द्या. कुत्र्यासाठी क्रीमची वाटी ठेवा, तिचा फोटो छान येतो. सातव्या महिन्यातली बाई आली तर तिला पाण्याची बाटली आहे.

खरं कसब पुढेच आहे. वरचे सगळे उपाय नवशिक्यांचे, त्यात निदान 'नाही' म्हणावं लागतं. मुरलेला कॅफेवाला 'नाही' म्हणतच नाही. तो म्हणतो, "हो, आहे ना!" ॲपवर डिकॅफचं बटण असतं, त्यापुढे अधिक साठ रुपये असतात, बिलावर ठसठशीत 'डिकॅफ' छापून येतं आणि कपावर मार्करनं मोठा 'डी' काढला जातो. मग पोरगं ग्राइंडरपाशी जातं. ग्राइंडर एकच. वरच्या हॉपरमध्ये, म्हणजे बियांच्या भांड्यात, नेहमीच्या बिया काठोकाठ. डिकॅफची पिशवी कुठे आहे? ती मागच्या दिवाळीत संपली, किंवा आहे, पण अर्धी उघडी, रबर लावून फडताळात, भाजल्याची तारीख पुसलेली, बिया तेलकट झालेल्या आणि वास जुन्या पुठ्ठ्याचा. समोर रांग. पोरगं इकडेतिकडे बघतं आणि नेहमीचं बटण दाबतं. झालं डिकॅफ!

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे असं होत नाही, आमचा मुलगा खरंच डिकॅफच्या बिया टाकतो. बरं. कुठून टाकतो? त्याच ग्राइंडरच्या झाकणातून. पात्यांच्या मध्ये आणि तोंडाच्या नळीत आधीच्या शॉटची दोन-तीन ग्रॅम पूड अडकलेली असते, ती आधी दळून फेकायची असते. कोण फेकतं? तीन ग्रॅम अरेबिका म्हणजे 36 मिलिग्रॅम कॅफिन. त्यातलं दोन तृतीयांश कपात उतरलं तरी अर्धा कप चहा झाला, आणि हे तुमच्याकडचं प्रामाणिक डिकॅफ! शिवाय डिकॅफची बी ठिसूळ असते, त्याच सेटिंगवर दळली तर बहुतेक वेळा पाणी झरझर निघून जातं, वीस सेकंदांच्या आत पांचट, आंबट शॉट पडतो. मग तुम्हीच गावभर सांगत सुटता की डिकॅफला चवच नसते, म्हणून लोक मागत नाहीत, म्हणून आम्ही ठेवत नाही. दळायला एक पायरी बारीक लागतं, हे मशीन बसवायला आलेल्या माणसानं सांगितलं होतं की नाही? सांगितलं असणार. तुम्ही तेव्हा दिव्यांचे फोटो काढत होता.

आणि त्या सव्वाशे मिलिग्रॅमचं पुढे काय होतं, ते तुम्हाला दिसत नाही, कारण तोवर तुम्ही शटर ओढलेलं असतं. कॅफिन अंगातून निम्मं व्हायलाच पाच-सहा तास लागतात. सहा वाजता प्यालेल्या कपातलं निम्मं रात्री साडेअकराला रक्तात फिरत असतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हाच वेळ दुपटी-तिपटीनं वाढतो, आणि डॉक्टर गरोदर बाईला दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणतात. सकाळचे दोन चहा धरले की तुमचा एक खोटा कप ती मर्यादा ओलांडतो. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा कोर्स चालू असलेल्या माणसाच्या अंगातून कॅफिन आणखी रेंगाळत बाहेर पडतं. कुणाच्या हृदयाचे ठोके चुकत असतात, कुणाला पॅनिकचा त्रास असतो. ही माणसं तुम्हाला फाइल काढून दाखवणार आहेत का? का दाखवावी? एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर लिटरला जास्तीत जास्त 300 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे अडीचशे मिलीच्या डब्यात 75, आणि त्यावरही मुलं, गरोदर आणि स्तनदा स्त्रिया, कॅफिन न सोसणारी माणसं यांच्यासाठी नाही, असा इशारा छापावाच लागतो. तुमच्या कपात त्याहून कितीतरी जास्त आणि वर दुधाचं बदामी हृदय. आणि कपावर 'डी'!

अहो, नसेल तर नाही म्हणा. सरळ, पहिल्याच वाक्यात, "आमच्याकडे डिकॅफ नसतं, बिनकॅफिनचं हवं असेल तर हळदीचं दूध आहे, नाहीतर कोकम सरबत." माणूस 'बरं' म्हणतो आणि सरबत पितो. कुणी आदळआपट करत नाही. डिकॅफ नसणं हा गुन्हा नाही, छोट्या दुकानाला सगळं ठेवणं परवडत नाही हे सगळ्यांना समजतं. पण नसताना आहे म्हणायचं, त्याचे जादा पैसे घ्यायचे आणि दुसरंच पाजायचं, याला लबाडी म्हणतात. दुधात पाणी घालणारा गवळी निदान कुणाची झोप उडेल असं काही घालत नव्हता. बिलावर एक आणि कपात दुसरं असेल तर गिऱ्हाइकानं बिलाचा फोटो काढून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावावा, खुशाल लावावा. आणि त्या पोरावर ढकलू नका. त्याला डिकॅफ काय असतं ते कुणी शिकवलं? तुम्ही त्याला लातेवर हंस काढायला शिकवलंत.

ठेवायचंच असेल तर एवढं अवघड नाही हो. सगळ्यात स्वस्त म्हणजे इन्स्टंट डिकॅफची बरणी: दोन ग्रॅम पूड, पंचवीस मिली गरम पाण्यात आधी नीट विरघळवायची, वर वाफवलेलं दूध. इन्स्टंट आहे हे सांगून द्यायचं. ज्याला रात्री झोपायचंय तो नाक मुरडत नाही. त्याहून बरं हवं असेल तर 250 ग्रॅम बिया घ्या, पिशवी आली त्याच दिवशी 18-18 ग्रॅमच्या छोट्या पुड्या करा, हवा दाबून काढा, डबा फ्रीजरमध्ये टाका. तेरा कप निघतात. ऑर्डर आली की एक पुडी काढा आणि थेट दळा, वितळायची वाट बघू नका, नाहीतर बियांवर पाणी सुटतं. दळायला हातानं फिरवायचा ग्राइंडर वेगळा ठेवा. मिनिटभर लागतं, सांडलवंड नाही, पूड मिसळायची भानगड नाही. बास्केट पुसून घ्या. बिया पाव किलोमागे दीडशे रुपये महाग पडल्या असं धरलं तरी कपामागे बारा रुपये होतात. तुम्ही साठ घेताच आहात.

आणि हे जमणार नसेल तर ॲपवरचं ते बटण बंद करा. दोन सेकंदांचं काम आहे. ज्यांना डिकॅफ म्हणून नेहमीचा शॉट पाजलात, त्यांचे साठ-साठ रुपये आधी परत करा, आणि त्यांनी तेव्हा काय प्यालं होतं, तेही त्यांना सांगा.