घाटात मॅन्युअलच!

"स्पोर्टी गाडीत मॅन्युअल घेणं हा आता नुसता हट्ट आहे" हे लेखातलं मत अजिबात पटलं नाही. ड्युअल क्लच (दोन क्लच असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गिअर झटपट बदलतो, मान्य. पुढचा गिअर दुसऱ्या क्लचवर आधीच तयार असतो, तिथे माणसाचा हात पोचणारच नाही. पण मजा काय फक्त वेगात असते? कसारा घाट उतरताना वळणाआधी क्लच दाबून तिसऱ्यावरून दुसरा टाकायचा, ॲक्सिलरेटरला हलकासा दाब देऊन आरपीएम (इंजिनाचे फेरे) जुळवायचा, क्लच सोडायचा, की गाडी धक्का न देता इंजिनावर सावरते. स्टिअरिंगमागच्या पॅडल शिफ्टरमध्ये हे सगळं कॉम्प्युटर करतो, आपण फक्त सांगतो.

आणखी एक, फोक्सवॅगन व्हर्टसच्या १.५ लिटर इंजिनासोबत येणाऱ्या ७-स्पीड डीएसजीचे (त्यांच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचे) क्लच कोरडे असतात, म्हणजे थंड ठेवायला तेल नसतं. संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकात फूट-फूट सरकत राहिलं की ते तापतात. डीएसजी घ्यायचीच असेल तर गर्दीत पुढे थोडी जागा होऊ द्या, मग गाडी हलवा. रोज त्याच गर्दीतून जाणाऱ्याने टॉर्क कन्व्हर्टरचाही (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणाऱ्या ऑटोमॅटिकचाही) विचार करावा. गुडघेदुखी असेल तर प्रश्नच नाही, ऑटोमॅटिकच.

बाकी रविवारी सापुताऱ्याला निघणाऱ्यांनी मॅन्युअल मिळतेय तोवर घेऊन टाका.