"तुमच्या एजंटला विचारा" म्हणे!

आज एका जुन्या गिऱ्हाईकाच्या मुलाने फोनवर मला सरळ चोर म्हटलं. विमान रद्द केलं कंपनीने, चोर मी! तिकीट त्याच्या आईचं, आमच्या काकूंचं. कस्टमर केअरने त्याला ऐकवलं, "रिफंड प्रोसेस झालाय, तुमच्या एजंटला विचारा." तो एजंट म्हणजे मी. इकडे मी सकाळपासून एजन्सीचं वॉलेट, म्हणजे रिफंड जमा होतं ते ऑनलाइन खातं, रिफ्रेश करतोय. छदामही जमा नाही.

डीजीसीएचा, म्हणजे विमानवाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम म्हणतो, एजंटकडून घेतलेल्या तिकिटाच्या रिफंडची जबाबदारी विमान कंपनीची, कारण एजंट तिनेच नेमलेला प्रतिनिधी. वाचायला झकास. पण पैसे माझ्या वॉलेटमधून फिरून जातात. मध्ये कुठे अडकले ते प्रवाशाला दिसत नाही, त्याला फक्त मी दिसतो. नियम लिहिताना आमच्यातला एक जरी समोर बसवला असता, तरी त्याने पहिल्याच बैठकीत सांगितलं असतं: पैसे कधी आणि कुठल्या खात्यात सोडले, याचा मेसेज कंपनीने थेट काकूंना पाठवावा.

डीजीसीएच्या नव्या रिफंड नियमांचा नोव्हेंबर 2025 चा मसुदा तर कहर होता. नावातली चूक 24 तासांत फुकट दुरुस्त, पण तिकीट थेट कंपनीच्या वेबसाइटवर काढलं असेल तरच! ओटीपी आला की काकूंना घाम फुटतो, म्हणून त्या माझ्याकडून तिकीट काढतात. मग त्यांच्या स्पेलिंगची चूक काय वेगळ्या जातीची? हरकती-सूचना मागवल्या होत्या, मान्य. पण पान वाढून झाल्यावर "मीठ हवं का" विचारण्यातला प्रकार तो.

अमेरिकेतही तेच. 2012 च्या कायद्याने विमानप्रवाशांच्या हक्कांसाठी सल्लागार समिती नेमली. विमान कंपन्या, विमानतळ, राज्य किंवा स्थानिक सरकारं, ग्राहक संघटना, सगळ्यांना जागा. तिकीट विकणाऱ्याला सुरुवातीला नव्हती.

आमच्यातही रिफंड दाबून बसणारे आहेत. धरा ना त्यांना. 2020 मध्ये लॉकडाऊनच्या तिकिटांबद्दल सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं होतं: कंपनीने पैसे द्यावेत, एजंटने ते लगेच प्रवाशाला पोचवावेत. त्यात वाईट काय?

त्या पोराचा राग मला कळतो हो. काकू स्वतः काही बोलल्या नाहीत. फोन घेऊन एवढंच म्हणाल्या, "बघ रे बाबा, तुझ्या सवडीने." ते जास्त लागलं.

पुढचा मसुदा आला की मला टॅग करा. यावेळी एजंटांच्या संघटनेच्या भरवशावर राहणार नाही, स्वतः लिहिणार आहे.