आर्चबिशप व्हायचंय? आधी विरोधात जा

सतराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये जन्म घ्यायचा विचार असेल आणि बिशपच्या खुर्चीवर डोळा असेल, तर पहिलं पथ्य: ‘बिशप नकोतच’ म्हणणाऱ्यांच्या गोटात शिरा.

जेम्स शार्प यांचंच बघा. फाइफच्या किनाऱ्यावरच्या क्रेल गावचे धर्मोपदेशक. १६६० मध्ये प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशपांशिवाय चर्च चालवणाऱ्या मंडळींनी त्यांना लंडनला धाडलं. हद्दपार राजा दुसरा चार्ल्स गादीवर परत येतोय, आपली बिनबिशपांची घडी तेवढी मोडू देऊ नका, एवढंच काम. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला गेलेले शार्पसाहेब मांजर होऊनच परतले! डिसेंबर १६६१ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत ते सेंट अँड्रूजचे आर्चबिशप झाले. त्याआधी एक बारीकशी अडचण आली. जुनी दीक्षा इंग्लंडच्या चर्चला चालेना. मग पुन्हा पहिलीपासून: आधी डीकन, मग पाद्री, मग आर्चबिशप. तुम्हीही लाजू नका.

पुढच्याच वर्षी बिशपांची सत्ता न मानणाऱ्या जुन्या सोबत्यांपैकी अडीचशेहून अधिक उपदेशकांची चर्चं गेली. असो.

आता सुरक्षेचं. बग्गीत बसताना सोबत एखादा जास्तीचा बिशप असू द्या. जुलै १६६८ मध्ये एडिनबरात बिशपविरोधी जेम्स मिचेलने शार्प यांच्यावर पिस्तूल झाडलं, ते मागून चढणाऱ्या ऑर्कनीच्या बिशपांच्या हाताला लागलं. ‘माणूस मारला’ म्हणून आरडाओरडा झाला. कुणीतरी म्हणालं, ‘अहो, बिशपच तर आहे’, आणि लोक आपापल्या वाटेने गेले, असं सांगतात.

मिचेल पुढे सापडला. जीव वाचेल असा शब्द मिळाल्यावर त्याने गुन्हा कबूल केला. खटल्यात मात्र शार्प यांनी शपथेवर सांगितलं, असा शब्द दिलाच नव्हता. प्रिव्ही कौन्सिलच्या (राजाच्या कारभारी मंडळाच्या) वहीत तो लिहून ठेवलेला होता, पण वही कोण उघडतो? १६७८ मध्ये मिचेल फासावर गेला. तेव्हा शब्द द्यायचा तर तोंडी द्या, वहीत कशाला?

आणि दुसऱ्यासाठी लावलेल्या सापळ्यात जाऊ नका. ३ मे १६७९ रोजी सेंट अँड्रूजजवळच्या मॅगस मूरच्या माळावर नऊ बिशपविरोधी कारमायकेल नावाच्या अंमलदाराची वाट पाहत होते. तो आला नाही. आली आर्चबिशपांची बग्गी, आत मुलगी इझाबेला. तिच्या डोळ्यांदेखत बापाला खाली खेचून मारलं. खिशातली तंबाखूची डबी उघडली तर मधमाशी उडाली म्हणे. हे सैतानाचंच भूत, अशी मारेकऱ्यांची खात्री पटली.

मुलाने सेंट अँड्रूजच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये संगमरवरी थडगं उभारलं, त्यावर खुनाचा प्रसंगही कोरून घेतला. १८४९ मध्ये ते उघडलं, तर आत हाडं नव्हती.