बागकामाचा कोर्स लावताय? आधी विचारा, मेलेली कलमं मोजायला परत बोलावता का?

मे महिना लागला की फेसबुकवर पावसाच्या आधीच बागकामाच्या कोर्सच्या जाहिराती उगवायला लागतात. दोन दिवसांत गच्चीवर जंगल, घरबसल्या उद्यानविद्या, वर प्रमाणपत्र. निवृत्तीला टेकलेले, गावी दोन एकर पडून असलेले, नोकरीला कंटाळलेले, सगळे एकच विचारतात, ‘यातला कुठला लावू?’ आणि बघतात काय, तर फी, घरापासूनचं अंतर आणि विषयांची यादी. यादी सगळीकडे तीच असते हो! माती, खतं, कलमं, कीड-रोग, लॉन, शेवटी बोन्साय. त्यावरून काडीचं कळत नाही. माझ्या मते विचारायचं ते एवढंच: कुठलं प्रात्यक्षिक कुठल्या महिन्यात आहे, आणि तीन आठवड्यांनी निकाल बघायला परत बोलावता का?

आंब्याचं कोय कलमच घ्या. कोकणात हे जून ते ऑगस्टचं काम. ताजी कोय गादीवाफ्यावर रुजते, कोंब वर येतो आणि पानं अजून तांबूस, लुसलुशीत असतात तेव्हाच रोप कोयीसकट उचलायचं. कोयीपासून सात-आठ सेंटिमीटरवर शेंडा छाटायचा आणि खोडाला मधोमध चार-पाच सेंटिमीटर उभी चीर द्यायची. मातृवृक्षावरची काडी तीन-चार महिने वयाची, पेन्सिलीएवढी जाड, दहा-पंधरा सेंटिमीटर लांब. तिची पानं आठ-दहा दिवस आधीच देठ ठेवून कापलेली हवीत, म्हणजे डोळे फुगतात. काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत सरकवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं खालून वर घट्ट गुंडाळायचं.

वाचायला सोपं आहे. बिघडतं ते पाचर तासताना. एका बाजूला एकच काप हवा. नवखा माणूस चार वेळा खरवडतो, पृष्ठभाग खडबडीत होतो, मध्ये हवा राहते आणि आतून काळं पडायला सुरुवात होते. काडी आणि रोप यांची जाडी सारखी नसेल तर बारीक काडी बरोबर मध्यावर बसवण्याचा मोह होतो. मग दोन्हीकडची साल सालीला भिडतच नाही. निदान एका बाजूला तरी साल सालीला लागली पाहिजे, कारण नवा जोड सालीच्या आतल्या पातळ थरातून येतो, मधल्या लाकडातून नाही. पट्टी सैल राहिली तर पाणी शिरतं. गंमत अशी की काडी स्वतःच्या साठ्यावर आठ-दहा दिवस हिरवी राहू शकते. बांधल्या दिवशी सगळ्यांचीच कलमं झकास दिसतात, फोटो निघतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. खरा निकाल दोन-तीन आठवड्यांनी लागतो, तेव्हा डोळे फुटलेले असतात किंवा काडी काळी पडलेली असते. त्या दिवशी मेलेल्या कलमांच्या पट्ट्या सोडून जोड उघडून बघितला, तर आपलं काय चुकलं ते पाच मिनिटांत कळतं. हे न करणारा कोर्स कलम दाखवतो, शिकवत नाही.

बाकी कामांचंही तेच. डाळिंबाची गुटी, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडणं, पावसाळ्यात बांधतात, दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढून, ओलं शेवाळ लावून. विदर्भात संत्र्याचा डोळा थंडीत भरतात, म्हणजे चांगल्या झाडाचा डोळा रोपाच्या सालीत बसवतात, आणि तो जमिनीपासून २२ ते २५ सेंटिमीटरवर हवा. खाली भरला तर पुढे बागेत पाण्याचा आणि मातीचा संपर्क होऊन डिंक्या रोग लागायची वाट मोकळी. तेव्हा सहा महिन्यांचा कोर्स डिसेंबरात सुरू होऊन मे महिन्यात संपत असेल, तर त्यानं पावसाळा पाहिलेलाच नाही. कलमांचा तास तिथे जास्वंदीच्या फांदीवर उरकतात.

आता कुठे शोधायचं. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. त्यांच्या महाविद्यालयांत आणि संशोधन केंद्रांत लहान-मोठी प्रशिक्षणं चालतात, पण जाहिरात फारशी होत नाही. संकेतस्थळावर वाट बघत बसण्यापेक्षा उद्यानविद्या विभागात फोन लावलेला बरा. नोकरी सांभाळून शिकायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली सुरू झालं, आणि वय झालेल्या विद्यार्थ्यांची तिथे कुणाला नवलाई नाही. फक्त अभ्यासकेंद्र निवडताना केंद्राच्या ताब्यात रोपवाटिका आहे का, ते स्वतः जाऊन बघा. पुस्तकं सगळ्या केंद्रांना सारखीच मिळतात, फरक पडतो तो जमिनीनं. कृषी विज्ञान केंद्रांची प्रशिक्षणं स्वस्त किंवा मोफत असतात, शिकवणारे रोज शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकणारे असतात. अडचण एकच, ती आठवड्याच्या मधल्या दिवशी असतात आणि तुमच्या गच्चीतल्या कुंडीत कुणाला रस नसतो. पॉलिहाऊसचं डोक्यात असेल तर तळेगाव दाभाड्याला त्याच विषयाचं निवासी प्रशिक्षण मिळतं. त्याआधी कर्जाचं बोलू नका.

प्रमाणपत्राबद्दल स्पष्टच लिहितो. स्वतःच्या बागेसाठी ते कुणी विचारत नाही. सोसायट्यांच्या बागा सांभाळायचं काम घ्यायचं असेल तरी समोरचा माणूस तुम्ही आधी राखलेलं लॉन बघतो. पण फळझाडांची कलमं विकायची तर १९६९ च्या राज्य कायद्याप्रमाणे रोपवाटिकेचा परवाना लागतो, आणि कीटकनाशकांचं दुकान टाकायचं तर कायद्यात ठरवून दिलेली पदवी किंवा पदविका. शनिवार-रविवारचं रंगीत प्रमाणपत्र तिथे चालत नाही. महापालिकेच्या माळी पदावर डोळा असेल तर आधी जुनी जाहिरात काढून पात्रतेची ओळ शब्दशः वाचा आणि मगच फी भरा.

गच्चीवाल्यांना दोन दिवसांची कार्यशाळा पुरते, नाही असं नाही. पण तिथेही शिकवणाऱ्याला वजनाबद्दल विचारून बघा. ओली माती घनफुटाला ४५ ते ५० किलो भरते. चार बाय आठ फुटांचा, फूटभर खोल वाफा म्हणजे ३२ घनफूट, सरळ दीड टन. हा हिशेब न सांगता विटांचे वाफे रचायला लावणाऱ्या माणसाकडून काही शिकू नये. दुसरा प्रश्न कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा. पाच किलोची वीट भिजून साठ-सत्तर लिटर होते हे सगळे सांगतात. त्यात मीठ असू शकतं आणि ते दोन-तीन पाण्यांनी धुवावं लागतं, नाहीतर पानांच्या कडा करपतात, हे किती जण सांगतात बघा. करपलेली कडा बघून ‘पाणी कमी पडलं’ म्हणणारे पुष्कळ आहेत.

मोठ्या कोर्ससाठी माझी कसोटी बोर्डो मिश्रणाची, म्हणजे बुरशीवर फवारायच्या औषधाची. एक टक्का म्हणजे एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत विरघळवून तिसऱ्यात एकाच वेळी ओतायचं, काठीनं ढवळत राहायचं. मग लोखंडी खिळा किंवा सुरी थोडा वेळ बुडवायची. वर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं उरलंय, चुन्याची निवळी अजून घालायची. तसंच फवारलं तर बुरशीआधी पानं जळतात. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. आता प्रश्न असा, की हे विद्यार्थी करतात, की सर फळ्यावर लिहून देतात? खिळा बुडवून न पाहिलेला माणूस बाजारातला जुना, जोर गेलेला चुना वापरतो आणि मग म्हणतो, बोर्डोनं बाग जाळली.

गाव आणि माती यांचाही मेळ बसायला हवा. जांभ्या जमिनीत पाणी झटकन झिरपून जातं, तिथे शिकलेल्या माणसाला तेवढंच ठाऊक असतं. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात, ती भानगड त्याला माहीतच नसते. बाग मराठवाड्यात असेल आणि कोर्स रत्नागिरीत, तर कलमं तिथे शिका पण पाणी देणं परभणीकडच्या माणसाकडून.

फोन कराल तेव्हा एका तुकडीत किती माणसं असतात आणि चाकू किती असतात, हेही विचारून ठेवा. तीस जणांत पाच चाकू असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन काप येतात, तेही दुपारपर्यंत बोथट झालेल्या पात्यानं. त्यापेक्षा कलमाचा स्वतःचा चाकू घेऊन जा, एकाच बाजूनं धार असलेला. आदल्या रात्री पेरूच्या किंवा शेवग्याच्या टाकाऊ काड्यांवर पन्नास पाचरी तासून बघा. बोटाला चिंधी बांधायला विसरू नका.